पावणेदोन

चार वर्षांपूर्वी पुएर्तो माँतच्या इस्पितळात
डॉक्टरांनी माझं पोट केळ्याएवढं करून दिलं.
उरलेलं स्टीलच्या एका भांड्यात गेलं.
मी विचारलं होतं, पुढे त्याचं काय करता?
जाळतो, म्हणाले.

भूक त्या भांड्यात मावली नसावी.
ती माझ्याआधी टॅक्सीनं घरी आली,
पायातले बूट काढले
आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर
मांहारच्या डब्यामागे गप्प बसून राहिली.

पहिल्या वर्षी एकेचाळीस किलो गेले.
पार्गुआच्या धक्क्यावर, माझ्या तिकीटखिडकीत
ट्रकवाले वाकून बघायचे:
"यास्ना कुठाय? धाकट्या बहिणीला चिकटवलं काय?"
मी तिकीट फाडायचे
आणि हनुवटीखाली नव्यानं सापडलेलं हाड चाचपायचे.
ओदेतनं माझे जुने कोट चर्चला देऊन टाकले.
एक मी लपवला.
का, ते विचारू नका.

मांस अडकतं.
पावाचा तुकडा छातीत खुंटी ठोकतो.
पण मांहार, आटवलेल्या दुधाचा तो तपकिरी चिकट गोडवा,
निसटतो आत,
दाराखालच्या फटीतून मांजर शिरावं तसा.
एक चमचा. तासाभरानं अर्धा.
मग डब्याच्या कडेला लागलेलं, बोटानं.
जेवण म्हणावं असं काहीच नाही,
म्हणजे वहीत लिहावं असंही काही नाही.

एकोणीस किलो परत आले.
पाहुण्यासारखे नाहीत, घरमालकासारखे.
लपवलेला कोट आता नीट बसतो.

तसं माझं कामच वजनाचं.
कुठला ट्रक किती टनांचा,
बोटीवर मध्ये उभा करायचा की कडेला,
मी सांगते आणि सगळे ऐकतात.
घरचा काटा मात्र पलंगाखाली आहे,
भिंतीकडे तोंड करून.

शेवटी गेले दाखवायला.
आहाराची डॉक्टर मिलेन्का, माझ्या भाचीच्या वयाची.
पोटात गोळा, ओठांवर तयार माफी.
तिनं किती खाता ते विचारलंच नाही.
विचारलं, किती वाजता?
पावणेदोन.
लहानपणी पावणेदोनला काय असायचं?

बाबा समुद्रावरून यायचे.
आई पिठाचे गोळे थापून तळायची,
मी पांघरुणासकट उठून बसायचे.
बाबांच्या हाताला डिझेलचा आणि शिंपल्यांचा वास.
एक गरम टिक्की माझ्या तळव्यावर ठेवून म्हणायचे, खा गं.
बाकीचा दिवस झोप, नाहीतर बाटली.
आमचं आयुष्यभराचं बोलणं एवढंच.

हे कळल्यानं एक ग्रॅमही उतरला नाही.
बसमध्ये मी थोडी रडले
आणि उतरून आइस्क्रीम घेतलं.

आई सांगायची, बापाचं सगळं पोटात घालावं.
घातलं, आई.
पण आता केळ्याएवढं पोट.
काय काय घालू त्यात?

बोटीच्या अंगावर एक पांढरी रेघ आहे.
माल चढला की पाणी रेघेपर्यंत येतं,
पलीकडे चाकाओला रिकामी झाली की खाली जातं.
दिवसातून कितीदा तरी.
बोटीला कुणी म्हणत नाही, पुन्हा तूच का?

काल रात्री पावणेदोनला उठले.
आधी दिवा लावला. इतकी वर्षं अंधारात उभ्यानं चाललं होतं.
कोंबडीचा रस्सा गरम केला, कपात ओतला,
खुर्चीवर बसून प्यायले.
मग डबाही उघडला.
तीन चमचे.
वहीत लिहिलं: तीन.
शाई वाळेपर्यंत बघत राहिले त्या आकड्याकडे.
खरा होता. जरा ओळखीचाही वाटला.

भूक फळीवरून उतरून समोर बसली होती.
तिला खा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.
चमचा धुतला.
काटा पलंगाखालून अजून काढलेला नाही.
तोंड तेवढं इकडे केलंय.